इम्प्लांटभोवती पू झाला तर: लेझरची सफाई आणि त्यानंतर हिरडी जपण्याची पद्धत

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं, स्क्रूसारखं कृत्रिम मूळ. त्याला नस नसते. दात किडला की ठणकतो, मुळाशी पू झाला की चावताना कळ येते. इम्प्लांटभोवतीचं हाड मात्र झिजत जातं, तरी ते जागेवर घट्ट उभं असतं आणि बहुधा दुखतही नाही. पहिली खूण दिसते ती ब्रश करून थुंकताना, फेसातल्या रक्ताच्या रेघेत. पुढे हिरडी बोटाने दाबली की कडेतून पांढरट थेंब येतो, तोंडाला वास राहतो, क्राऊनच्या, म्हणजे इम्प्लांटवर बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, खाली पूर्वी न दिसणारी करडी कडा दिसू लागते. दुखत नाही म्हणून हे सगळं महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं, आणि तेवढ्यात जे हाड जातं ते परत मिळवणं फार कठीण असतं.

लेझरचा इथे उपयोग होऊ शकतो, पण लेझर म्हणजे औषध नव्हे. ते सफाईचं हत्यार आहे. उपचार टिकतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: धातूवरचा जंतूंचा थर खरोखर निघाला का, तो ज्यामुळे साचत होता ते कारण दूर झालं का, आणि नव्याने जुळणारी हिरडी पहिले सहा आठवडे सांभाळली गेली का. तिसरी गोष्ट जवळजवळ पूर्णपणे रुग्णाच्या हातात असते, आणि नेमकं तिच्याबद्दलच घाईघाईत दोन वाक्यं सांगून पाठवलं जातं. म्हणून इथे तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

फक्त हिरडी सुजली आहे की हाडही गेलंय?

नुसती हिरडी सुजली असेल, हाड शाबूत असेल, तर त्याला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. नीट सफाई आणि घरची स्वच्छता एवढ्याने ते बहुतेक वेळा आटोक्यात येतं, लेझरची गरज पडत नाही. हाड खाली जाऊ लागलं की ते पेरी-इम्प्लांटायटिस. पुढचं सगळं प्रामुख्याने याबद्दल आहे.

तपासताना डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीत सहा जागी हलकेच उतरवतात. जोर ०.२ न्यूटनच्या आसपास हवा, म्हणजे सुमारे २० ग्रॅम वजनाइतका. त्याहून जोरात टोचलं तर निरोगी हिरडीतूनही रक्त येतं आणि निदान चुकतं. सोबत त्या जागेचा छोटा एक्स-रे लागतो. त्यात इम्प्लांटच्या स्क्रूचे आटे एकेक सुटे दिसले पाहिजेत. आटे एकमेकांत मिसळून धूसर दिसत असतील तर एक्स-रेचा कोन चुकला आहे, तो परत काढायला सांगा. क्राऊन बसवली तेव्हाच्या एक्स-रेशी तो ताडून पाहतात, म्हणून जुना एक्स-रे घरी असेल तर सोबत न्या. जुनं काहीच नसेल तर हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेले निकष वापरतात: प्रोब घातल्यावर रक्त किंवा पू, खोली ६ मिमी किंवा जास्त, आणि हाडाची पातळी इम्प्लांटच्या हाडात बसणाऱ्या भागाच्या वरच्या कडेपासून ३ मिमी किंवा त्याहून खाली.

लेझरचं बोलणं सुरू होण्याआधी आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्या लागतात.

काय हलतंय? नुसती क्राऊन हलत असेल तर तिला धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, तो घट्ट करता येतो किंवा बदलता येतो. खुद्द इम्प्लांट हाडात हलत असेल तर हाडाशी असलेली पकड सुटली आहे. त्यावर कोणताही लेझर चालत नाही. ते काढणंच योग्य.

आत सिमेंट राहिलंय का? सिमेंटने चिकटवलेल्या क्राऊनमध्ये जादा सिमेंट हिरडीखाली ढकललं जातं आणि खडबडीत कडेवर जंतू ठाण मांडतात. काही रेझिन सिमेंटं एक्स-रेत दिसतच नाहीत, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ दिसला तरी शंका पूर्ण फिटत नाही. ते सिमेंट खरवडूनच काढावं लागतं.

क्राऊनचा आकार कसा आहे? कडेला फुगवटा इतका असेल की बारीक ब्रश खाली शिरतच नाही, तर सफाई कितीही उत्तम झाली तरी दोन-तीन महिन्यांत थर पुन्हा जमतो. आकार घासून बदलावा, नाहीतर क्राऊन नवी करावी. खर्च आणि कटकट वाढते म्हणून हे काम टाळलं जातं, आणि मग दोष लेझरच्या माथी येतो.

लेझर नेमकं काय करतो

इम्प्लांटचा पृष्ठभाग हाडाने धरावा म्हणून मुद्दाम खरखरीत केलेला असतो, शिवाय त्यावर आटे. हाताचं हत्यार आट्यांच्या माथ्यावरून फिरतं आणि खोबणीतला थर तसाच राहतो. अडचण आहे ती इथे.

अर्बियम-याग लेझरची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असते आणि तिचा प्रकाश पाणी प्रचंड शोषून घेतं. जंतूंचा थर आणि सुजलेला दाणेदार मांसल भाग पाण्याने भरलेले असतात. प्रकाश पडताच त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि थर सूक्ष्म स्फोटांनी उखडला जातो. प्रकाश पाण्यात काही मायक्रोमीटरच शिरत असल्याने लेझरसोबतचा पाण्याचा फवारा चालू असेल तर उष्णता हाडापर्यंत फारशी पोचत नाही. २७८० नॅनोमीटरचा अर्बियम-क्रोमियम लेझरही याच जातीचा.

डायोड लेझर, साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटरचे, लहान आणि स्वस्त असतात, म्हणून जास्त ठिकाणी दिसतात. त्यांचा प्रकाश रक्त आणि रंगद्रव्यात शोषला जातो. जंतू कमी करायला त्यांची मदत होते, पण धातूवर घट्ट बसलेला टणक थर ते उखडत नाहीत. शिवाय धातू तापवू शकतात. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग टायटॅनियमचा पृष्ठभाग वितळवू शकतो. त्याची टिप इम्प्लांटवर सरळ रोखण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

निळा रंग भरून लाल प्रकाश टाकतात तो उपचार निराळा. त्याला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात. त्यात उखडणं नसतं, रंगावर प्रकाश पडून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंना मारतो. ‘लेझर करणार’ असं सांगितलं गेलं की यातलं नेमकं काय, हे विचारून घ्या.

उष्णतेबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या सशांवरच्या प्रयोगात हाड ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिलं तरी त्याला इजा होते असं दिसलं. शरीर आधीच ३७ वर असतं. म्हणजे हाताशी दहाच अंश. टायटॅनियम धातू असल्याने वरची उष्णता खाली हाडापर्यंत वाहून नेतो. डायोडची टिप एका जागी स्थिर धरली तर हे दहा अंश काही सेकंदांतच संपू शकतात.

युरोपियन फेडरेशन ऑफ पिरिओडोंटॉलॉजी या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीच्या सफाईला लेझरची जोड सरसकट द्यावी अशी शिफारस नाही. पाया हत्यारांनी केलेल्या सफाईचाच. आमचं मत असं: हिरडी उघडून आटे डोळ्यांसमोर असताना, पाण्याच्या फवाऱ्यासह अर्बियम वापरणं समजण्यासारखं आहे. क्राऊन न काढता आठ मिलिमीटर खोल पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीत, टिप घालून ‘सगळे जंतू मेले’ म्हणणं पटण्यासारखं नाही, कारण टिप ज्या बाजूला वळत नाही ती बाजू तशीच राहते.

खुर्चीतली पद्धत

पहिली फेरी हिरडी न कापता होते. स्क्रूवर बसणारी क्राऊन असेल तर ती काढून घेतलेली बरी, जागा मोकळी मिळते. जागा बधिर करतात आणि हत्यारांनी आधी मोठं काम उरकतात: टायटॅनियमची क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, किंवा पीक (PEEK) या प्लास्टिकसारख्या पदार्थाची टोपी असलेली अल्ट्रासोनिक टिप, किंवा ग्लायसिन वा एरिथ्रिटॉलच्या बारीक भुकटीचा झोत. साधी स्टीलची टिप इम्प्लांटवर ओरखडे काढते, आणि ओरखड्यांत पुन्हा जंतू बसतात.

लेझर सुरू होण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चश्मा हवा, रुग्णाच्याही. चश्म्याच्या कडेला तरंगलांबी छापलेली असते. डायोडचा चश्मा अर्बियमला चालेलच असं नाही. आरसा आणि चकचकीत हत्यारांवरून किरण परावर्तित होतो, म्हणून नुसते डोळे मिटणं पुरेसं नाही. मोठ्या तोंडाची सक्शन नळी टिपेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात, धूर आणि उडणारे कण तिथेच ओढले जावेत म्हणून.

इम्प्लांटवर अर्बियम-यागसाठी प्रति स्पंद १०० मिलिज्यूलच्या आसपास आणि सेकंदाला १० स्पंद अशी सौम्य सेटिंग वापरली जाते. नेमका आकडा यंत्र आणि टिपेवर ठरतो. ऊर्जा ३०० मिलिज्यूलकडे नेली तर खरखरीत पृष्ठभाग बदलू लागतो. टिप वरून खाली, मग जरा सरकून परत वरून खाली, अशी आट्यांच्या कडेने सतत हलती ठेवतात. फवारा अखंड. पाणी अडकलं की आवाज बदलतो, करपल्याचा वास येतो. त्या क्षणी थांबायचं. डायोड असेल तर प्रकाश नेणारा तंतू इम्प्लांटला समांतर, तोंड हिरडीकडे, शक्ती कमी, १० ते २० सेकंद चालवून थांबा, मग पुढची बाजू.

हवेच्या झोताचा एक धोका क्वचितच सांगितला जातो. पाण्याच्या फवाऱ्यासोबतची हवा किंवा भुकटीचा झोत उघड्या मऊ भागात जोरात शिरला तर ती हवा गालाच्या त्वचेखाली पसरते. उपचार चालू असतानाच गाल एकदम फुगतो, बोटाने दाबला की चरचर लागतं. असं वाटलं तर लगेच हात वर करा. हवा बहुधा आपोआप जिरते, पण त्या दिवसाचं काम थांबवून रुग्णाला देखरेखीखाली ठेवावं लागतं.

६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. खोली ५ मिमीपर्यंत आली, पू नाही, रक्त एखाद्याच ठिकाणी, तर देखभालीवर ठेवतात. नाहीतर दुसरी फेरी शस्त्रक्रियेची: हिरडी बाजूला सारून दाणेदार भाग काढणं, आटे समोर ठेवून सफाई, आणि हाडाच्या खड्ड्याच्या आकारानुसार पुढचा निर्णय. खड्डा वाटीसारखा, भिंती शाबूत असलेला असेल तर हाडाची भर घालता येते. भिंती नसतील तर भर टिकत नाही, तिथे हिरडी खाली बसवून जागा घासता येईल अशी करणं शहाणपणाचं. त्यात थोडे आटे उघडे दिसतील. हे आधी कळलेलं असावं, विशेषतः पुढच्या दातांच्या बाबतीत.

पोटातून घ्यायची अँटिबायोटिक्स यात सरसकट लागत नाहीत. घरात उरलेली पाकिटं स्वतःच्या मनाने सुरू करू नका. थर जागेवर असेपर्यंत गोळी तिथे नीट पोचत नाही, पू दोन दिवस थांबतो आणि मग वाटतं की बरं झालं. रक्त पातळ करणारी गोळी, हाडांच्या ठिसूळपणासाठीचं औषध, मधुमेह हे सगळं आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

पहिला दिवस: गाठ हलू द्यायची नाही

सफाईनंतर हिरडी आणि धातूच्या फटीत रक्ताची पातळ गाठ धरते. पुढची सगळी जुळणी तिच्या आधाराने होते. नैसर्गिक दाताला हिरडीचे तंतू मुळात घुसून धरतात. इम्प्लांटला ते बहुतांशी समांतर असतात आणि रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे इथली गाठ सहज निसटते आणि भरून यायला वेळ लागतो.

म्हणून पहिले २४ तास जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने ओढून पिणं नाही. तोंडात पाणी घ्या, मान कलती करा आणि ते आपोआप गळू द्या. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका, गाल चावला जातो. शस्त्रक्रिया झाली असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ बाहेरून गालावर १५ मिनिटं, मग १५ मिनिटं विश्रांती, असं पहिल्या दिवशी जमेल तितकं करा. झोपताना डोकं दोन उशांवर. रक्त पाझरत असेल तर ओला गॉज घडी करून २० मिनिटं सलग दाबा. मधूनमधून उचलून पाहिलं की मोजणी पहिल्यापासून.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ बहुधा पुरतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. लिव्हरचा त्रास असेल तर विचारूनच. आहार मऊ आणि कोमट, दुसऱ्या बाजूने चावून. मधुमेहाची औषधं चालू असतील तर ‘चावता येत नाही’ म्हणून जेवण चुकवू नका, साखर अचानक खाली जाऊ शकते.

पहिले दोन आठवडे: ब्रश नाही, गुळणी आहे

त्या जागेवर ७ ते १४ दिवस ब्रश लावायचा नाही. बाकी सगळे दात मात्र रोज दोनदा घासायचे. एक जागा दुखते म्हणून सगळं तोंड सोडून दिलं की जंतूंचा साठा वाढतो, आणि तो येतो थेट शस्त्रक्रियेतल्या टाक्यांवर.

दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनची गुळणी: ०.२ टक्क्यांचं असेल तर १० मिली एक मिनिट, ०.१२ टक्क्यांचं असेल तर १५ मिली अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा. गाल फुगवून खळखळ करू नका, डोकं डावी-उजवीकडे कलवून ते फिरवा. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या पदार्थाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दात घासल्यावर अर्धा तास थांबा. गुळणीनंतर लगेच पाण्याने तोंड धुऊ नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव काही दिवस बिघडते. दोन आठवड्यांत बंद केलं की दोन्ही जातात, डाग फार तर पॉलिश करून. महिनोन्‌महिने चालू ठेवायची ही गुळणी नाही. मधल्या वेळात पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून सावकाश गुळण्या केल्या तर चालतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जागेवर पिवळट पांढरा पापुद्रा दिसतो. तो पू नव्हे. पू दाबल्यावर थेंबासारखा बाहेर येतो आणि वास मारतो. हा पापुद्रा चिकटून बसलेला असतो आणि दाबल्यावर काही निघत नाही. तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा, थर आहे, त्याच्याखाली नवी त्वचा सरकत असते. कापसाने, नखाने, जिभेने तो काढू नका. आठवडाभरात स्वतःच जातो.

जीभ टाक्यांकडे सारखी जाते, हे सगळ्यांचंच होतं. आरशात पाहण्यासाठी ओठ ओढून धरणं त्याहून वाईट, त्या एका ओढीने टाका हिरडीतून सुटू शकतो. टाके ७ ते १४ दिवसांनी काढतात. एखादा सैल लोंबत असेल तर स्वतः कापू नका. काढघालीची कवळी त्या भागावर टेकत असेल तर डॉक्टरांनी आतून घासून मोकळी केल्याशिवाय घालू नका. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद; निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि आधीच कमी असलेला पुरवठा आणखी कमी होतो. हे जमणार नसेल तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बेत बदलता येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून ब्रश परत कसा सुरू करायचा

इथे दोन टोकं दिसतात. कोणी भीतीने महिनाभर हात लावत नाही, कोणी जुना कडक ब्रश पहिल्याच दिवशी आडवा फिरवतो. शस्त्रक्रियेनंतरसाठी मिळणारा अतिमऊ ब्रश घ्या, कोमट पाण्यात भिजवा, केस हिरडीवर टेकवा आणि क्राऊनच्या दिशेने सावकाश वळवून आणा. हिरडी ब्रशखाली पांढरी पडत असेल तर दाब जास्त आहे. दोन आठवडे हे जमलं की साध्या मऊ ब्रशवर या.

दोन दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, डॉक्टरांनी जागा पाहून सांगितल्यावर. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या. माप असं की आत जाताना हलका अडथळा जाणवला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. योग्य माप आरशासमोर डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. पाण्याच्या झोताचं यंत्र नंतर, सर्वांत कमी दाबावर, झोत फटीत सरळ न रोखता आडवा धरून.

ब्रश टेकवला की जागा झोंबते, महिन्यानंतरही झोंबते, असं असेल तर इम्प्लांटभोवतीची घट्ट, न हलणारी हिरडी कमी असू शकते. तिची रुंदी २ मिमीहून कमी असली की गालाची मऊ त्वचा कडेला ओढली जाते, घासताना दुखतं, माणूस नकळत ती जागा टाळतो आणि थर पुन्हा जमतो. टाळूतून हिरडीचा छोटा तुकडा घेऊन तिथे लावता येतो. ही तक्रार सोसत बसू नका, सांगा.

कधी लगेच फोन करायचा

अर्धा तास सलग दाबूनही रक्त थांबत नाही. सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढते. दाबल्यावर पू येतो. ताप ३८ अंशांवर जातो. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही ओठावर किंवा हनुवटीवर राहतो. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गिळताना किंवा श्वास घेताना अडचण, तोंड उघडेनासं होणं, सूज डोळ्यापर्यंत किंवा गळ्याखाली उतरणं, या लक्षणांना दवाखान्याची वेळ बघायची नसते, थेट तातडीच्या विभागात जा.

पुढची मोजणी

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिन्यांनी खोली पुन्हा मोजतात आणि एक्स-रे काढतात. त्याआधी भरून येणाऱ्या फटीत प्रोब घालून पाहण्याचा हट्ट धरू नका. देखभालीच्या भेटी दर तीन ते सहा महिन्यांनी. हिरड्यांच्या आजाराने आधी दात गेले असतील, मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटली नसेल तर दर तीन महिन्यांनीच. प्रत्येक भेटीचे सहा आकडे आणि रक्त आलं की नाही, हे लिहून मागा.

दोनदा नीट सफाई होऊनही पू परत आला, तर तिसऱ्यांदा तोच लेझर करून घेण्याआधी क्राऊन काढून कारण पुन्हा शोधायला सांगा: उरलेलं सिमेंट, फुगलेली कडा, तडा गेलेला स्क्रू. काहीच सापडलं नाही आणि अर्ध्याहून जास्त हाड गेलं असेल, तर इम्प्लांट काढून जागा भरून येऊ देण्याबद्दल मोकळेपणाने बोला. उरलेलं हाड शाबूत असतानाच काढलं तर तिथे पुन्हा नवं बसवण्याची शक्यता शिल्लक राहते.